हुकुमाची पुडी

जागेश्वर पौनीकरला कारखान्यातले कोळशाचे पट्टे चालवणाऱ्या त्या नव्या पॅनेलमधून काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं. पुढे त्याच्याविषयी कणव वाटू लागली तर हिशेब हाताशी असावा. सहायक होता, त्याचा उपअभियंता व्हायचा होता. बिनहातांच्या खुर्चीतून हात असलेल्या खुर्चीत जायचं होतं, आणि ते अंतर केवढं असतं हे बिनहातांच्या खुर्चीत बसलेल्यालाच ठाऊक. तांडापेठेतलं बापाचं घर सोडून प्रताप नगरात राहायला जायचं होतं. तिथे शेजारी बँकेतले आणि कॉलेजातले असतात, आणि सकाळी भिंतीपलीकडून मागाचा खटखटाट येत नाही, रेडिओ येतो. बाप चारचौघांत एकदा तरी 'पोरानं केलं' म्हणेल, हेही त्यानं जमेत धरलं होतं. आणि सगळ्यांच्या तळाशी, स्वतःलाही कधी नीट न सांगितलेली एक बाब होती: या जगात एकदा दिलेला शब्द वाया जाणार नाही अशी एक तरी जागा आपल्या हातानं व्हावी. माणूस एवढं मागतो तेव्हा ते फार नसतं. फक्त ते कोणाच्या खात्यातून येणार हे त्यानं विचारलेलं नसतं.

आणि आता डिसेंबरातल्या पांढुरक्या उन्हात तो चौथ्या पट्ट्यापाशी उभा होता, आणि समोर पट्ट्यावर कामाला असलेल्या बायजाबाईनं दोरीचा खटका वर उचलला, आणि पट्टा हलला नाही. एवढंच झालं. काही झालं नाही, हेच झालं. काळा, रुंद, खाटेएवढा रबरी पट्टा जसा होता तसा पडून राहिला, त्यावर कोळशाची धूळ आणि धुळीवर ऊन. मुख्यालयातून चौकशीला आलेले दत्तोपंत चष्मा पुसत राहिले. कारखान्याचे साहेब गोपाळराव खिशात हात घालून आभाळाकडे पाहत होते, जणू पट्ट्याचा आणि त्यांचा काही संबंध नाही, पण तो हलला नाही याचा आनंद मात्र खासगी आहे. वर काचेच्या केबिनमधे पॅनेलवाला बळीराम उभा होता. त्याचं तोंड उघडं दिसत होतं. पट्टा का हलला नाही हे तिथे फक्त जागेश्वरलाच माहीत होतं.

उमरेड रस्त्यावर, नंदनवनची वस्ती संपून बरंच पुढे गेल्यावर हा कारखाना. कोळसा यायचा, फोडला जायचा, चाळला जायचा आणि पट्ट्यांवरून चढत चढत मालगाडीच्या वाघिणींत पडायचा. प्रत्येक पट्ट्याच्या कडेनं एक तारेची दोरी ताणलेली असे. कोणीही ती ओढली की पट्टा जागच्या जागी थांबायचा. पुन्हा चालू करायचा तर आधी खाली दोरीच्या पेटीवरचा खटका उचलायचा, मग वर केबिनमधे बटण दाबायचं. जुन्या पॅनेलवर दोरी ओढलेली असताना कोणी बटण दाबलंच तर ते दाबणं फुकट जायचं, हवेत विरायचं. पट्ट्यावरची माणसं म्हणत, 'दोरी ओढली का हुकूम मेला.' त्या एका वाक्यावर ती माणसं पोट भरत होती. पट्ट्यावर ओला कोळसा चिकटला की नवरा फावडं घेऊन वर चढायचा, बायको खटक्यापाशी उभी राहायची. कंत्राटदार जोडीच कामाला घ्यायचा, कारण जोडी आपसात भांडते, कंत्राटदाराशी भांडत नाही. शेवटचं फावडं मारता मारता वरचा म्हणायचा, 'उचल वं.' ती खटका उचलायची, पदरानं तोंड पुसायची, दहा-वीस पावलांवरच्या फोनपाशी जाऊन केबिनला सांगायची, 'चार नंबर मोकळा.' तोवर तो सावकाश उतरायचा, चपला घालायचा, जमलं तर एक बिडी पेटवायचा. खटका आणि फोन यांच्यामधला तो वेळ त्यांचा होता. त्या वेळाला नाव नव्हतं. कोणत्याही नियमात तो नव्हता, कोणी कोणाला तो शिकवला नव्हता. पण बाप पोराला पोहणं देतो तसा तो एका जोडीकडून दुसरीकडे गेला होता. जागेश्वरनं नवं पॅनेल बांधायच्या आधी महिनाभर केबिनमधे बसून सगळं पाहून घेतलं होतं. बटण दाबणाऱ्यांना त्यानं शंभर प्रश्न विचारले. पट्ट्यावर चढणाऱ्यांना एकही नाही. त्यांना काय विचारणार? ती काही बटणं दाबत नव्हती.

पुण्याला कंपनीनं त्याला प्रशिक्षणाला धाडलं होतं. तिथला मास्तर त्याच्याहून वयानं लहान, परदेशातून नुकताच परतलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो म्हणाला होता, 'पट्टा ही वस्तू, बटण ही वस्तू, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गंमत पुढे आहे. हुकूम हीसुद्धा वस्तू करता येते.' वर्गात कोणी हललं नाही. 'हुकूम म्हणजे काय? तोंडातून निघालेली हवा. आता त्याची पुडी बांधा, किराणावाला बांधतो तशी. काय करायचं, कोणावर करायचं, सगळं पुडीच्या आत. मग बटणाला पट्टा ओळखायची गरज नाही, पट्ट्याला बटण ओळखायची गरज नाही. बटणानं फक्त पुडी द्यायची. पुडी रांगेत ठेवता येते. उद्यासाठी ठेवता येते. दुसऱ्याच्या हाती देता येते. आणि प्रत्येक पुडीत तिचा उलटा हुकूमही बांधून ठेवा. सुरूच्या पुडीत बंद. चढवच्या पुडीत उतरव. चुकलं तर परत फिरता येतं.' बाकीचे लिहून घेत होते. जागेश्वर खिडकीबाहेर पाहत होता. विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला परत फिरणं नवं नव्हतं. धागा तुटला की बाप पावलागणिक उलटा जात वीण उकलायचा. त्याला धक्का बसला होता तो वेगळ्याच शब्दाचा. रांगेत ठेवता येते. म्हणजे समोरचं दार बंद असलं तरी पुडी मरत नाही. उंबऱ्यावर बसून राहते. दार उघडलं की आत जाते.

कारण त्याच्या बापाचा, मारोतरावांचा, शब्द दार बंद होतं म्हणून मेला होता. विणकर सोसायटीत नक्षी विणणारा नवा जकार्डचा माग आला होता आणि त्यावर बसायला मारोतरावांना विचारणं आलं होतं. ते तापानं पडलेले. त्यांनी शेजारच्या देवरावला सांगितलं, 'जाऊन सांग, मी येतो म्हणा.' देवराव गेला. सोसायटीचं दार जेवणासाठी लावलेलं होतं. देवराव पानाच्या टपरीवर थोडा उभा राहिला, पान खाल्लं, आणि परत आला. 'दार बंद होतं गा, मारोत,' एवढंच म्हणाला, जसं काही दारानंच निर्णय दिला. दुसऱ्या दिवशी जागा भरलेली होती. मारोतराव सुताच्या दुकानात गठ्ठे बांधायला लागले ते बांधतच राहिले. घरातला माग आधी गप्प झाला, मग त्यावर गोधड्या वाळू लागल्या, मग तो सरपणाला गेला. देवरावाला त्यांनी कधी बोल लावला नाही. फक्त कधी जेवताना, कधी नुसतेच भिंतीकडे पाहत म्हणायचे, 'म्या तं हो म्हणलं होतं.' हे वाक्य जागेश्वरनं भाताबरोबर इतकं खाल्लं होतं की ते त्याच्या हाडात गेलं होतं. म्हणून नव्या पॅनेलमधे त्यानं हुकूम मरू दिला नाही. दोरी ओढलेली असताना बटण दाबलं तर पुडी रांगेत थांबायची, केबिनमधे पिवळा दिवा लागून राहायचा. खाली खटका उचलला गेला की पुडी सुटायची आणि पट्टा आपोआप सुरू. पुन्हा दाबायला नको, फोन नको, वेळ वाया नको. गोपाळरावांनी हे वाचून त्याच्या पाठीवर थाप मारली होती. 'पौनीकर, तुम्ही तर वेळ पिकवून राहिले!' पिकवलेला तो वेळ कोणाच्या शेतातला होता, हे दोघांच्याही मनात आलं नाही. परिपत्रक निघालं, इंग्रजीत. ते केबिनमधे लागलं. केबिन वर होती.

त्या दिवशी बळीरामनं बटण दाबलं तेव्हा खाली दोरी ओढलेली होती. पिवळा दिवा लागला. नव्या नियमानं त्याला आणखी काही करायचं नव्हतं. तो चहाला गेला, आणि हेही नियमात होतं. खाली नत्थू मेश्राम पट्ट्यावर उभा होता, शेवटचं फावडं मारत होता, आणि बायकोला म्हणाला, 'उचल वं.'

मेडिकलच्या दवाखान्यात, वॉर्डात जागेश्वर गेला तेव्हा नत्थूच्या उजव्या बाजूची चादर गुडघ्याखाली सपाट होती. ती सपाट जागा इतकी नीट, इतकी इस्त्री केल्यासारखी होती की नजर तिथे घसरायची. नत्थूनंच बोलायला सुरुवात केली. औषधानं त्याची जीभ जड झाली होती, तरी थट्टा गेली नव्हती. 'या साहेब. आता चप्पल घ्यायची म्हणलं तं पंचाईत. दुकानदार एकच देईन का, तुमाले का वाटते?' जागेश्वर हसला की नाही हे त्याला नंतर आठवेना. खाटेच्या पायथ्याशी बायजाबाई बसली होती, दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवून, जसं काही ते दुसऱ्याचे आहेत आणि सांभाळायला दिलेत. 'म्या उचलला खटका,' ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. 'ह्यो म्हणला उचल, म्या उचलला. रोजच उचलतो. त्या दिवशी कसा काय तो...' नत्थू म्हणाला, 'चूप बस वं. तेच तेच लावून राहिली सकाळपासून.' 'माह्याच हातानं गेला पाय,' ती म्हणाली, आणि हाताकडे पाहत राहिली. त्या क्षणी एक वाक्य जागेश्वरच्या जिभेवर आलं होतं. तुमचा हात नव्हता, बाई. हुकूम तिथे आधीच बसलेला होता, मी बसवला होता. वाक्य पुरं बांधलेलं, गाठ मारलेलं, नुसतं हातात द्यायचं. पण नर्स आली, किंवा येईल असं वाटलं, आणि तो म्हणाला, 'काळजी घ्या.'

तिथून तो घरी गेला नाही. सरळ कारखान्यात आला, संध्याकाळची पाळी लागायच्या आत केबिनमधे बसला आणि प्रोग्रॅम बदलला. फार थोडा बदल होता. दोरी ओढलेली असेल तोवर रांगेत आलेली प्रत्येक पुडी फेकून द्यायची. पिवळा दिवा विझवायचा. खटका उचलल्यावर नव्यानं बटण दाबल्याशिवाय पट्टा हलता कामा नये. हुकूम मेला पाहिजे. जे पट्ट्यावरच्या प्रत्येक जोडीला ठाऊक होतं ते आता यंत्रालाही ठाऊक झालं. त्यानं दोरी ओढून, बटण दाबून, खटका उचलून पाहिलं. पट्टा मेल्यासारखा पडून राहिला आणि जागेश्वरला थंड पाण्यानं न्हाल्यासारखं वाटलं. निदान आज संध्याकाळी कोणाचा पाय जाणार नाही. हे पुण्य तर पुण्यच होतं. त्याविषयी कोणाला विचारावं, कोणाला सांगावं, असं त्याला वाटलं नाही. चांगलं काम करताना माणूस परवानगी मागत नाही, आणि नंतर पावती फाडत नाही. सांगू उद्या, असं म्हणून त्यानं दिवे मालवले. जुना प्रोग्रॅम असलेली फ्लॉपी टेबलाच्या खणात टाकली. बजावलेल्या हुकमांची नोंद ठेवायला त्या यंत्रात जागा नव्हती; ती सोय पुढच्या वर्षी करायची होती. पुडी सुटली की पुसली जायची. तेव्हा अपघाताच्या दिवशी तिथे काय थांबलं होतं, याची साक्ष आता फक्त एका माणसाच्या डोक्यात होती, आणि ते डोकं झोपी गेलं.

मग चौकशी आली. बळीरामनं सांगितलं की त्यानं बटण एकदाच दाबलं, चहाला जायच्या आधी. पट्टा सुरू झाला तेव्हा तो कपबशी घेऊन टपरीवर होता, पण टपरीवाल्याला नेमकी वेळ आठवेना. हुकूम थांबून राहिला असला पाहिजे. दत्तोपंत सरळ माणूस होते. ते म्हणाले, परिपत्रक काहीही म्हणो, यंत्रात थांबतो की नाही ते करूनच पाहू. आणि म्हणून आज दोरी ओढली गेली, बळीरामनं वर बटण दाबलं, बायजाबाईला मुद्दाम बोलावून खटका उचलायला लावला, आणि पट्टा हलला नाही.

'पुन्हा करा,' दत्तोपंत म्हणाले.

पुन्हा दोरी. पुन्हा बटण. बायजाबाईनं खटका धरला. तिनं डोळे मिटून घेतले आणि उचलला. कुठेतरी एक कावळा ओरडला. पट्ट्यावरचं ऊन जराही सरकलं नाही.

वर काचेची खिडकी उघडली आणि बळीराम निम्मा बाहेर आला. 'साहेब! दिवा विझून राहिला! हा विझत नोहता! खटका उचलेपर्यंत पिवळाच राहे, आईच्यान!'

'दिवा तुले पाहून लाजला असन, बळीराम,' गोपाळराव खालून म्हणाले, आणि उभे असलेले दोघंतिघं हसले. हसणं फार मोठं नव्हतं. साहेबाच्या विनोदाला जेवढं लागतं तेवढंच.

बायजाबाईनं डोळे उघडले होते. ती पट्ट्याकडे पाहत होती, मग आपल्या हाताकडे, मग पुन्हा पट्ट्याकडे. 'मंग,' ती दत्तोपंतांना म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला, 'मंग मी नाई केलं, साहेब?'

'नाही, बाई,' दत्तोपंत म्हणाले. त्यांचे डोळे चष्म्यामागे ओले झाले असावेत; ते खरंच सज्जन होते. 'तुमच्या खटक्यानं पट्टा सुरू होतच नाही. आता डोळ्यांनी पाहिलं ना? तो सुरू व्हायला वरून कोणाला तरी बटण दाबावंच लागतं. तेही खटका उचलल्यानंतर.'

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. जागेश्वरनं ते उतरताना पाहिलं. एवढ्या दिवसांत प्रथमच तिनं हात पदराला पुसले, आपले हात असल्यासारखे. आणि मग तिनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. बळीराम तिच्याच गल्लीतला, इंदोऱ्याचा. धम्मदीक्षेच्या वर्षी दोघांचेही आईबाप एकाच ओळीत चालले होते असं घरी सांगत. ती त्याला राखी बांधत नव्हती, पण भाऊ म्हणत होती.

'बळीभाऊ,' ती म्हणाली. 'काहून दाबलं गा?'

बळीरामनं जागेश्वरकडे पाहिलं. रागानं नाही, माणूस गर्दीत ओळखीचा चेहरा शोधतो तसं. आणि दत्तोपंतही त्याच वेळी वळले. 'पौनीकर, यंत्र तुमचं आहे. तुम्हाला काही सांगायचं आहे?'

आता बोलायचं होतं. वाक्य अवघड नव्हतं: हे मी बदललं आहे, अपघाताच्या दिवशी हे असं नव्हतं. ते त्याच्या तोंडात होतं, त्याची चवही लागत होती, लोखंडाची. पण त्या वाक्याबरोबर एक विचित्र स्वस्थता आली. बटण निर्दोष होतं, त्यानं पुडी दिली. पट्टा निर्दोष होता, त्यानं पुडी उघडली. पुडी तर राहिलीच नव्हती. जे त्यानं एवढ्या कष्टानं बांधलं होतं, देणाऱ्याला बजावणारा दिसू नये, बजावणाऱ्याला देणारा दिसू नये, ते इतकं सुरेख जमलं होतं की आता मधे उभा असलेला तो स्वतःही कोणाला दिसत नव्हता. आणि बाईचा चेहरा. तो चेहरा त्यानं तेवढ्यात हिशेबात धरला, हे लक्षात ठेवायला हवं. आत्ता बोललो तर तिला पुन्हा सांगावं लागेल की खटका उचलल्यानंच पट्टा सुटला. खटका तर तिनंच उचलला होता. तिचं उतरलेलं ओझं पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवायचं? माणसाला गप्प राहायचं असतं तेव्हा दुसऱ्याचं दुःख फार उपयोगी पडतं.

'नाही, साहेब,' तो म्हणाला.

'चला,' गोपाळराव म्हणाले, 'जेवण थंड होऊन राहिलं.'

रविवारी सकाळी, कामावरून काढल्यावर, बळीराम तांडापेठेत जागेश्वरच्या घरी आला. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, विहारात जायचा. तिथून सरळ आला होता, किंवा तिथे न जाता आला होता. मारोतराव बाजेवर बसले होते. जागेश्वर म्हणाला, 'बस. चहा घे.'

'चहा नोको, साहेब. चहानंच तं घोटाळा केला.' तो उभाच राहिला. 'एक इचारू का? रागावू नका. मंधात तुमी काही बदललं का?'

गल्लीतून माग चालल्याचा आवाज येत होता. अजून दोन-तीन घरं विणत होती. 'मी पाहतो,' जागेश्वर म्हणाला.

'पाहा,' बळीराम म्हणाला. 'तुमी सांगतलं तं होईन. माहं कोणी ऐकून नाई राहिलं. प्रेमिला म्हणते, खरं सांगा, झोपेत दाबलं असन. माही बायको म्हणते, साहेब. मलेही आता तसंच वाटून राहिलं. का खरंच दाबलं का काय म्या?' आणि तो हसला, आपल्यालाच पकडल्यासारखा. जाताना मारोतरावांना हात जोडून गेला. मारोतराव म्हणाले, 'भला माणूस दिसते. का काम होतं त्याचं?' 'ऑफिसचं,' जागेश्वर म्हणाला. बापानं पुढे विचारलं नाही, आणि जागेश्वरला वाटलं, विचारलं असतं तर सांगितलं असतं. असं त्याला वाटलं खरं.

तरी सोमवारी तो गेला. हे त्याच्या बाजूनं मांडलंच पाहिजे. गोपाळरावांच्या टेबलासमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, पुडी कशी थांबायची, नत्थू कसा सापडला, अपघातानंतर आपण ते कसं बदललं. जुनी फ्लॉपी खिशात होती. ती टेबलावर ठेवून म्हणाला, 'ही पुन्हा चढवली की यंत्र त्या दिवशी होतं तसं होईल. दत्तोपंतांना परत बोलवा. त्यांच्यासमोर चालवून दाखवतो.'

गोपाळरावांनी फ्लॉपीला हात लावला नाही. ते चिडलेही नाहीत. पान लावता लावता ऐकत होते. चुना लागला, पान मिटलं. 'पौनीकर, तुम्ही दुरुस्ती केली ते उत्तम केलं. मले विचारलं असतं तर मीही तेच म्हणलो असतो. पण विचारलं नाही. आता तुम्ही लिहून द्या, मी वर पाठवतो, मी थोडीच अडवणार? फक्त लिहिताना एवढंही लिहा, का माणूस दवाखान्यात पडला असताना, चौकशीच्या आधी, कोणाले न सांगता तुम्ही यंत्र बदललं. लोक याले दुरुस्ती नाही म्हणत. लोक याले दुसरं काही म्हणतात.' त्यांनी पान तोंडात टाकलं. 'आणि तुमची आजवरची कामगिरीही जोडा. माणसानं पुरतं लिहावं.'

जागेश्वर आपल्या जागेवर आला. फ्लॉपी समोर ठेवली. काळी, चौकोनी, तळहातावर मावणारी. उलटा हुकूम यात होता. चालवला की घड्याळ मागे जाणार होतं, पिवळा दिवा पेटून राहणार होता, बळीरामची कपबशी पुन्हा त्याच्या हातात येणार होती. फक्त नत्थूचा पाय नाही. त्याच्यासाठी कोणी उलटं काही बांधून ठेवलं नव्हतं. जागेश्वरच्या मनात आलं, जो एक पाय परत येत नाही त्याच्यापुढे एका नोकरीचं परत येणं किती लहान आहे. आणि हा विचार इतका खोल, इतका गंभीर वाटला की त्याच्या आडून आपण कशाकडे पाठ फिरवतो आहोत ते त्याला दिसलं नाही. दुपारी कागद घेतला. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, 'विषय' लिहून पुढे दोन टिंबं दिली. चहा आला. कोणीतरी काही विचारायला आलं. संध्याकाळी बस नंदनवनवरून जाताना खिडकीत एक बाई धुणं काढत होती, आणि तिच्या हातातल्या चादरीची घडी इतकी सपाट होती की त्यानं मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी कामाची होती म्हणून तिच्यावर दुसरं काही चढवलं; नव्या फ्लॉप्या मुख्यालयातून यायला वेळ लागायचा. हा निर्णय होता असं तो म्हणणार नाही. ती टंचाई होती.

आता कोणी काय भरलं ते पाहू.

नत्थूनं पाय भरला. त्याला फाटकापाशी वाघिणी मोजायचं बसून करायचं काम मिळालं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला तो हाक मारून थट्टा करतो. ऐकणारे पूर्वीपेक्षा लवकर पुढे जातात. कंत्राटदार एकटी बाई घेत नाही, तेव्हा बायजाबाईनं काम भरलं. पण ती रात्री झोपते, आणि ही एकच रक्कम या सगळ्यात जमेला लागली. तिची झोप मात्र बळीरामच्या नावावर उचललेली आहे, हे तिला माहीत नाही. विहारात ती आता प्रेमिलेच्या शेजारी बसत नाही. मधे चटईची एक रिकामी पट्टी राहते आणि दोघी तिच्याकडे न पाहता हात जोडतात. ती पट्टी प्रेमिलेनं भरली. गोपाळराव मुख्यालयात वरच्या जागेवर गेले, त्यांनी निरोपाच्या जेवणाखेरीज काही भरलं नाही, तेही वर्गणीचं होतं. दत्तोपंतांनी सज्जनपणा भरला. तो त्यांच्याकडे भरपूर होता, कमी झाला नाही. कंपनीनं इशाऱ्याची एक पाटी भरली, पट्ट्यापाशी, या वेळी देवनागरीत.

बळीरामनं नोकरी भरली. नंतर, थोडी थोडी करून, स्वतःच्या आठवणीवरची खात्रीही भरली. आता कोणी विचारलं तर म्हणतो, 'दाबलं असन बाप्पा, कोण जाणे.' जरीपटक्याच्या बाजारात तो कांदे तोलतो. काटा त्याच्या हातात फार वेळ थरथरतो, कारण पारडं पुरतं स्थिर झाल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला माल देत नाही, आणि लोक कंटाळून दुसऱ्या दुकानी जातात.

जागेश्वरच्या वाट्याला किती भरणं आलं ते शोधून पाहिलं. त्याच्या नावापुढे जागा कोरी निघाली. कोरी जागा म्हणजे कोणी भरलं नाही असं नव्हे. ते बळीरामच्या रकमेत आधीच धरलेलं आहे.